डिस्चार्ज कार्डावरचं ‘एसओएस’

फवारणीचं औषध पिऊन आयसीयूतून वाचून बाहेर आलेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ बहुतेक वेळा अशी असते: ‘प्रकृती स्थिर. फॉलोअप एसओएस.’ म्हणजे गरज वाटली तर या. परवापरवापर्यंत ज्याला जगण्याचीच गरज वाटत नव्हती, त्याने आता आपलं आपण ठरवायचं की डॉक्टरची गरज आहे का. या ओळीचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय.

मी सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यात प्राथमिक आरोग्य केंद्राला वैद्यकीय अधिकारी आहे. आत्महत्या रोखण्याचं काम रोजच्या ओपीडीत बसवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना धास्ती होती ती विचारण्याची. ते सगळ्यात सोपं गेलं. पीएचक्यू-९ हा नैराश्य ओळखायचा नऊ प्रश्नांचा कागद समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताशी असतो. त्यातला नववा प्रश्न असा: गेल्या दोन आठवड्यांत मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं किती वेळा वाटलं. उत्तर ० ते ३. इथे एक चूक सर्रास होते. बेरीज १० च्या खाली आली की कागद फायलीत जातो. नवव्या प्रश्नाला नुसता १ असला तरी बेरीज बाजूला ठेवायची आणि पुढचं विचारायचं.

‘तसलं काही मनात नाही ना?’ असं विचारलं की ‘नाही’च येणार. ‘काका, एवढं सगळं अंगावर आल्यावर माणसाला जीव नकोसा होतो. तुमच्या मनात जिवाचं बरंवाईट करावं असं येतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नवं खूळ शिरत नाही. ‘येतं’ म्हणाले तर पुढे: कसं करायचं ठरवलंय का, कधी, ती वस्तू हाताशी आहे का, आधी कधी केलं होतं का, दारू किती, आणि आजवर कशामुळे थांबलात. शेवटचा प्रश्न गाळू नका, पुढचं सगळं त्या उत्तरावर उभं राहतं. इरादा, बेत आणि साधन तिन्ही असतील तर माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. १०८ बोलवा, सोबत नातेवाईक द्या आणि पुढच्या डॉक्टरांना आधी फोन करा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ९४ प्रमाणे अशा तातडीत कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंत उपचार करता येतात, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने ठरवणारा माणूस) हजर असेल तर त्याच्या संमतीने. मानसोपचारतज्ज्ञ नाही म्हणून हात वर करायचं कारण नाही.

विचारायचं कुणाला? ‘कर्जबाजारी शेतकरी’ एवढंच चित्र डोळ्यांपुढे असेल तर निम्मे निसटतील. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदींत आत्महत्यांमागे कौटुंबिक कारणं ३१.७ टक्के आणि आजारपण १८.४ टक्के नोंदलंय. आजारपण म्हणजे आपलीच ओपीडी. पुन्हा पुन्हा येणारी कंबरदुखी, ‘डोकं गच्च होतंय’, ‘झोपच लागत नाही’, दर आठवड्याला ‘एक सलाईन लावा डॉक्टर’ म्हणणाऱ्या मावशी, हे सगळे विचारण्याजोगे.

आता घोडं कुठे अडलं ते.

विषबाधेचा रुग्ण आधी आमच्याकडे येतो, मग मोठ्या रुग्णालयात जातो. तिथे ॲट्रोपिन हा विषावरचा उतारा, व्हेंटिलेटर, सगळं मनापासून होतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. रुग्ण घरी गेल्याचं आम्हाला कोणीही कळवत नाही. आमच्या रेफर चिठ्ठीला खाली परतीचा अर्धा भाग छापलेला असतो, तो भरून परत आलेला मी पाहिलेला नाही. आणि डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडे हाच सगळ्यात धोक्याचा काळ.

पहिली गाठ बसते ती दाखल करतानाच. पोलीस केस होईल म्हणून नातेवाईक ‘फवारताना तोंडात गेलं’ असं सांगतात. केसपेपरवर अपघाती विषबाधा चढते, मानसोपचाराचा रेफरन्स जात नाही आणि कार्डावर एसओएस उमटतं. यावर उपाय म्हणजे नातेवाइकांना पहिल्या तासातच बाजूला घेऊन कायदा सांगणं. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होईल, पोलीस जबाबही घेतील, पण शिक्षा नाही. त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा धरणारं जुन्या दंडविधानाचं कलम ३०९ उरलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये आहे. हे पाच वाक्यांत सांगता येतं. सांगितलं की खरी हिस्ट्री मिळते, आणि मिळाली की ती आमच्या रेफर चिठ्ठीवर स्पष्ट लिहून पाठवायची.

दुसरी गाठ जास्त चिवट. डिस्चार्ज झालेल्यांची माहिती मागायला गेलं की अभिलेख कक्षातून ठरलेलं उत्तर: ‘गोपनीय आहे, वरून पत्र आणा.’ पत्र वरून आलं की ‘जावक क्रमांक दिसत नाही.’ जावक क्रमांक आला की ‘साहेब रजेवर.’ मग लेखी उत्तर: ‘प्रकरण विचाराधीन आहे.’ ज्या मानसिक आरोग्य कायद्याचं नाव घेऊन हे चालतं त्याचं कलम २३ कोणी उघडून वाचत नाही. गोपनीयतेचा हक्क त्यात आहेच, पण अपवादही तिथेच लिहिलेत. रुग्णाची काळजी आणि उपचार करता यावेत म्हणून दुसऱ्या आरोग्य व्यावसायिकाला आवश्यक तेवढी माहिती देता येते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर त्यात बसत नाही तर कोण बसतो? मागणीपत्रात हे कलम उपकलमासह, म्हणजे २३(२), असं लिहा. नाही तर टेबल बदलत राहतं.

पण पत्राची वाट बघत बसू नका. आमची वाट निघाली ती अशी. आपल्याच रेफर रजिस्टरमध्ये जातानाची नोंद असते. त्यावर लाल खूण करून तिसऱ्या-चौथ्या दिवशी थेट वॉर्डात फोन करायचा, अभिलेख कक्षात नाही. फोनवर बोलवायचं ते इन्चार्ज सिस्टरला किंवा समाजसेवा अधीक्षकांना. कार्ड भरतात निवासी डॉक्टर, ते दर काही महिन्यांनी बदलतात. सिस्टर तिथेच असतात. त्यांच्यासाठी एक रबरी शिक्का करून दिला, बाजारात शे-दोनशेत होतो. त्यावर चार ओळी: ‘फेरतपासणी दिनांक (७ दिवसांच्या आत)’, ‘ओपीडी खोली क्र.’, ‘प्रा. आ. केंद्र व फोन’, ‘गोळ्या किती दिवसांच्या’. मानसोपचार हा शब्द मुद्दाम घातला नाही, फक्त खोली क्रमांक. ते कार्ड घरी दहा जण वाचतात, पुढे पाहुण्यांपर्यंतही जातं. शिक्का उमटला की एसओएस लिहायला जागाच राहत नाही, हा त्याचा खरा उपयोग.

डिस्चार्जच्या आधी रुग्णाकडून एक संमतीही घ्यायला सांगतो: घरी कोण आलेलं चालेल? आशाताई त्याच गावच्या, कधी त्याच भावकीतल्या असतात. रुग्ण ‘त्या नकोत’ म्हणाला तर दुसऱ्या वाडीची एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, जाते.

पाठपुराव्याचं वेळापत्रक आम्ही नव्याने शोधलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात चेन्नईही होतं. प्रयत्नातून वाचलेल्यांशी साधारण तासभर नीट बोलणं आणि मग १८ महिन्यांत नऊ संपर्क: १, २, ४, ७, ११ आठवडे आणि ४, ६, १२, १८ महिने. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात आत्महत्येने २.२ टक्के गेले, या गटात ०.२ टक्के. फोन आणि भेटी, बाकी काही महागडं नाही. रजिस्टरमध्ये नऊ रकाने आखून नाव लिहितानाच नवाच्या नवा तारखा भरून टाका. नंतर भरू म्हटलं की चौथ्यापासून रकाने कोरे राहतात.

केसपेपरवरचा नंबर बऱ्याचदा मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो. बाई रुग्ण असेल तर तिच्या विश्वासातला दुसरा नंबर घ्या आणि फोनचं निमित्त आधीच ठरवा. ‘बीपीच्या तपासणीचा फोन’ एवढं पुरतं. फोनवर पहिलं वाक्य ‘ताई, आत्ता मोकळं बोलता येतंय का?’ हेच. शेतावरच्यांना संध्याकाळी सातनंतर.

सुरक्षा आराखड्याचं वर राहून गेलं. तो प्रत्येकाचा करायचा, ज्याने फक्त विचार बोलून दाखवला त्याचाही. सहा भाग: धोक्याची चाहूल कशी लागते, एकट्याने काय केल्यावर मन वळतं, कुठे किंवा कुणात गेल्यावर बरं वाटतं, मदत कुणाकडे मागणार, कुठला दवाखाना आणि फोन, आणि घर सुरक्षित कसं करायचं. रुग्णाच्याच शब्दांत लिहायचं. ‘व्यायाम करीन’ असलं काही आपण भरू नये. ‘तिन्हीसांजेला पारावर जाऊन बसणं’ हे त्याचं उत्तर असेल तर तेच लिहावं. ‘मी असं करणार नाही’ अशी सही घ्यायची जुनी पद्धत कुठे असेल तर बंद करा, ती फक्त डॉक्टरच्या समाधानासाठी असते.

सहावा भाग आपल्याकडे सगळ्यात मोलाचा. छाटणीपासून काढणीपर्यंत द्राक्षबागायतदाराच्या घरात औषधांच्या बाटल्या असतातच. गावभर कुलूपपेट्या वाटा, असं कोणी सुचवलं तर त्यांना श्रीलंकेचं सांगा. तिथे १८० गावांत तसं करून पाहिलं, २०१७ साली निष्कर्ष आला: फरक पडला नाही. फरक पडला तो अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर. बंदी आपल्या हातात नाही, पण धोक्यात असलेल्या एका घरापुरतं करता येतं: औषधं घरातून आणि वस्तीवरून हलवून भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या ताब्यात, फवारणी दुसऱ्याने करायची, लागेल तेवढंच आणायचं, उरलेलं परत. हे रुग्णासमोर, त्याच्या संमतीने ठरवा. लपवाछपवी केली तर विश्वास जातो. गोळ्यांचंही तेच. सात दिवसांच्या वर देऊ नका आणि त्या घरच्या कुणाकडे तरी ठेवा.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर नुसता कागदावर लिहून देऊ नका, घरी जाऊन कोणी लावत नाही. पहिला फोन ओपीडीत आपल्यासमोर लावून द्या. मराठीत बोलतात, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःसाठी हवा असेल तरी हाच नंबर.

ऊसतोडीच्या टोळीतला रुग्ण असेल तर आणखी एक काम. हंगाम संपला की टोळी गावी परतते आणि आपले पुढचे रकाने कोरे राहतात. त्यामुळे पहिल्याच भेटीत त्याच्या मूळ गावच्या आरोग्य केंद्राचं नाव विचारून ठेवा आणि पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या आधी, त्याला विचारून, तिथल्या डॉक्टरांना स्वतः फोन करा. पत्र पाठवू नका. पत्राचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.