तुम्ही विचारलंत म्हणून: ही पोरं खरंच सुधारतात का?

मी निरीक्षणगृहात काउन्सेलर आहे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराच्या आतल्या मुलांना ठेवतात आणि लोक ज्याला अजूनही रिमांड होमच म्हणतात तिथे. हे कळलं की लग्नात असो नाहीतर ट्रेनमध्ये, पुढचा प्रश्न ठरलेला, "ती पोरं सुधारतात का हो खरंच?" आणि 2024 पासून त्याला अजून एक जोडून येतो, "की निबंध लिहून सोडून देता?"

आधी निबंधाचं. 19 मे 2024, पुणे, कल्याणीनगर. सतरा वर्षांच्या मुलाने पोर्शे चालवत बाईकला उडवलं, दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि काही तासांत जामीन मिळाला, त्याच्या अटींत 300 शब्दांचा निबंध होता. राग मलाही आला आणि तो रास्तच होता. पण तो जामीन होता, शिक्षा नव्हती, हे सांगायला गेलं की लोक ऐकूनच घेत नाहीत. आणि नंतर जे बाहेर आलं, रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप वगैरे, त्यात सगळी मोठी माणसं होती. मला वाईट याचं वाटतं की त्या एका केसवरून लोकांनी सगळ्या पोरांचा हिशोब करून टाकला. आमच्याकडे येतो तो मुलगा पोर्शेवाला नसतो हो, त्याच्या आईला भेटीच्या दिवशी यायचं तर त्या दिवसाची हजेरी बुडवावी लागते.

आणि संख्या बघा. 2022 मध्ये देशात साधारण 58 लाख गुन्हे नोंदले गेले, त्यात अठराच्या आतल्या मुलांनी केल्याचे 30,555, म्हणजे एक टक्काही नाही. तरी टीव्ही बघितला की वाटतं सगळं पोरंच करतायत.

कायदा वाटतो तेवढा मऊ पण नाहीये. 2015 चा बाल न्याय कायदा जानेवारी 2016 मध्ये लागू झाला, त्यात सोळा ते अठरामधल्या मुलाने निर्घृण गुन्हा केला, म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे असा, तर त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का याची आधी प्राथमिक चाचपणी होते. या केसेस बाल न्याय मंडळ, म्हणजे आमच्या भाषेत बोर्ड, बघतं; बोर्डात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यात एक तरी बाई हवीच. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, चोवीस तासांत बोर्डासमोर आणायचं, परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) घरी, शाळेत जाऊन चौकशी करून अहवाल द्यायचा, आणि मग प्रत्येक मुलाचा वेगळा काळजी आराखडा. हे सगळं कागदावर इतकं छान आहे की मी नवीन आले तेव्हा वाचून हरखून गेले होते. पण एका अधिकाऱ्याकडे एवढ्या केसेस असतात की आराखडे बरेचदा एकमेकांची कॉपी असतात, "समुपदेशन, शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण", फक्त नाव बदललेलं.

आता समुपदेशन म्हणजे काय, ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही त्यांना बसवून गोष्टी सांगतो.

एक मुलगा होता, मारामारीची केस, समोरच्याच्या हातावर कोयता लागलेला. पहिले कितीतरी दिवस एकच, "ताई तारीख कधी आहे?" बाकी काही नाही. मग मी चार्ट पेपर आणला आणि म्हटलं त्या संध्याकाळचा रस्ता काढ, घरापासून तिथपर्यंत. त्याने मस्त काढला, गल्ली, वडापावची गाडी, मंडळाचा कट्टा, पानटपरी, भाईची बुलेट कुठे लावलेली ती पण. मग एकेका जागी थांबायचं, इथे फोन आला, कोणाचा, काय म्हणाला, पोटात काय झालं, नाही म्हटलं असतंस तर काय झालं असतं, घरी परत जाता आलं असतं अशी जागा कुठली. एका जागेवर आम्ही तीन सेशन अडकलो, कारण तिथून त्याचं घर दिसत होतं, खिडकीत लाईट होता, आणि तो गेला नाही. का गेला नाही हे सांगायला त्याला त्याच्या बापाबद्दल बोलावं लागलं, आणि ते त्याने आधी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्या पूर्ण नकाशात ज्याला लागलं तो मुलगाच नव्हता. मी मुद्दाम विचारलं नाही. खूप नंतर त्यानेच पेन घेतला, कोपऱ्यात एक माणूस काढला आणि विचारलं, "त्याला आता बाईक चालवता येते का?" मला माहीत नव्हतं, मी तसंच सांगितलं. तो रात्री जेवला नाही.

याला कोणी लाड म्हणतं तेव्हा मला खरंच कळत नाही काय बोलू. कोठडीत बसून दिवस मोजणं या पोरांना जमतं, तिथे वट पण वाढते, बाहेर आलं की "आत जाऊन आलाय" म्हणून मान मिळतो. आपण काय केलं ते एकेक पायरी उलगडून दुसऱ्या माणसासमोर बघणं, हे त्यांना सगळ्यात जड जातं.

अमेरिकेत मिसुरी राज्याने हे आमच्या कितीतरी आधी ओळखलं. त्यांचं बूनव्हिलचं मोठं सुधारगृह होतं, मारहाण, कोंडून ठेवणं सगळं चालायचं, ते त्यांनी 1983 मध्ये बंदच केलं आणि घराजवळ छोटी छोटी केंद्रं काढली, दहा-बारा मुलांचा एक गट, तेच कर्मचारी सतत त्यांच्याबरोबर, मुलांच्या अंगावर त्यांचे स्वतःचे कपडे, घरच्यांनाही त्यात ओढलेलं. आपल्याकडे मुंबईतलं डोंगरीचं निरीक्षणगृह कुठे आहे, तर 1882 मध्ये टिळक आणि आगरकरांना ठेवलं होतं त्या तुरुंगाच्या जागेत. तुरुंग म्हणून बांधलेल्या भिंतींमध्ये आपण पोरांना सांगतो की हा तुरुंग नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आत नाहीच, ते बाहेर आहे. आत सगळी पोरं बऱ्यापैकी वागतात. पहाटे उठतात, प्रार्थना म्हणतात, 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतात. मग सुटतात आणि परत त्याच गल्लीत, त्याच कट्ट्यावर जातात, शाळा दाखल्यावरून आढेवेढे घेते, बाप तसाच, आणि भाई मात्र विचारपूस करायला पहिल्याच दिवशी हजर. कायद्याच्या 24 व्या कलमात सरळ लिहिलंय की बोर्डासमोरच्या या केसमुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता येणार नाही, तरी सणासुदीला एरियातून पोरं उचलायची झाली की पहिलं नाव त्याचंच. माझ्या मते मुलगा परत येणार की नाही हे पहिल्या सहा महिन्यांत ठरतं आणि नेमके तेच सहा महिने आपण मोकळे सोडलेत, त्याच्या घरी जाणारं कोणी नाही, फोन करणारं कोणी नाही.

आणि तो भाई. 83 व्या कलमात मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. पुण्यात कोयता घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या आल्या की सगळे मूल मानायचं वय अठरावरून सोळावर आणा म्हणतात, पोराच्या हातात कोयता दिला कोणी आणि त्याच्यावर 83 लावलं का, हे मला आजवर लग्नात किंवा ट्रेनमध्ये कोणी विचारलेलं नाही.

"ज्याचं गेलं त्याचं काय?" हा प्रश्न मात्र बरोबर आहे आणि तो मी टाळत नाही. आमच्या प्रक्रियेत त्या घरातल्या माणसांना फार कमी जागा आहे. त्यांना पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही, त्यांच्याशी बोलायला काउन्सेलर नाही. मुलाला सुधारायचं म्हणून त्यांना बाहेर ठेवायचं हे मला पटत नाही, दोन्हीकडे माणूस बसायला हवा.

तर सुधारतात का? बरीच सुधारतात. सगळी नाही, काही परत येतात, एखादा असा असतो की त्याची मलाही भीती वाटते. पण जी सुधारली त्यांच्यामागे बाहेर कोणीतरी एक माणूस टिकून होता, मामा, शाळेतली बाई, गॅरेजवाला, कोणीही.

म्हणून उलट एक मागते. तुमचं गॅरेज, बेकरी, प्रेस, काही असेल तर तुमच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन सांगा की एक मुलगा शिकायला घ्यायची तयारी आहे. त्याची केस काय होती ते विचारू नका, सांगणारही नाहीत, त्याची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे. पहिल्या महिन्यात तो दांडी मारेल, उलट बोलेल, तेव्हा लगेच काढून टाकू नका, आधी आम्हाला फोन करा.