पान उलटं करून बघ

सहली आणि स्नेहसंमेलनं यांवर लिहिणारे शाळेच्या स्मरणिकेत पुष्कळ असतील, म्हणून मी नेच्यावर, म्हणजे फर्नवर, लिहितो.

पावसाळ्यात नेच्यांचा धडा आला की विज्ञानाच्या बाई पुस्तकं मिटायला लावून आम्हाला प्रयोगशाळेमागच्या जांभ्याच्या गडग्यापाशी न्यायच्या. तिथे चिलँथिस नावाचा नेचा उगवायचा, पानामागे पांढरी भुकटी असलेला. मनगटावर दाबलं की पांढरं गोंदण उमटतं, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. बाई म्हणायच्या, "वरून सगळी हिरवीच रे. पान उलटं करून बघ." भिंगाखाली दुमडलेल्या कडेआड तपकिरी बीजाणुधान्यांची, म्हणजे बीजाणूंच्या इवल्या पिशव्यांची, रांग दिसायची. प्रत्येकीच्या पाठीवर जाड पेशींचं वलय असतं. वाळताना ते मागे ताणलं जातं, पेशींतल्या पाण्याला तो ताण सोसेनासा झाला की आत बुडबुडे धरतात आणि वलय झटक्यात परत येतं. बीजाणू दूर फेकले जातात. बल्बच्या उबेला धरलेल्या पानावर हा प्रकार बघताना आम्ही घंटा झाली तरी हललो नव्हतो.

काजूच्या डिंकात मुंगी अडकली तर तिचं अंबर, म्हणजे झाडाच्या स्रावाचा दगडासारखा कडक झालेला जीवाश्म, होईल का, असं कुणीतरी विचारलं. बाईंनी डिंकाचा खडा पाण्यात टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी नुसता चिकट घोळ. डिंक पाण्यात मुरतो, राळ मुरत नाही. अंबर होतं ते राळेचंच.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकवू लागलो. म्यानमारच्या कचिन राज्यातल्या हुकॉन्ग खोऱ्यात मिळणारं अंबर सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचं आहे. त्यातल्या एका नेच्याचं वर्णन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं, हाइनरिक्सिया चिलँथॉइडिस. आपल्या गडग्यावरच्या नेच्याचंच कूळ! सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि आपला जांभा त्याच्याही नंतरचा, म्हणजे तो नेचा या दोन्हींहून जुना. दगडातला पानाचा ठसा चपटा असतो. राळेतला तुकडा इवलासा, पण त्याचा उठाव शाबूत राहतो, बीजाणुधानीवरचं वलयसुद्धा दिसतं. अशा नेच्याचं कूळ ठरवताना तज्ज्ञही पानाची मागची बाजूच आधी शोधतात. ते वाचताना बाई फार आठवल्या.

खाणींभोवतीच्या लढाईमुळे कचिनचं अंबर विकत घेणं मला पटत नाही, मी फोटोंवरच भागवतो. आपल्या देशातलं हवं तर सुरत जिल्ह्यात वस्तानच्या लिग्नाइट खाणीतलं आहे, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचं. त्यात कीटक भरपूर.

महोत्सवी निधीतून नवी प्रयोगशाळा होते आहे. माझी वर्गणी मुलांच्या हातात द्यायच्या भिंगांसाठी वापरावी, असं समितीला कळवलं आहे. डिजिटल फळ्याला दुसरा कोणीतरी मिळेल. आणि तो गडगा गिलाव्यातून वगळा, एवढं मात्र कराच.