तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा हेलिकॉप्टरमध्ये हे सगळं बसतं कसं?

लष्करी हेलिकॉप्टरांबद्दल मी लिहितो, बोलतो, आणि दर वेळी हा प्रश्न येतोच. हलक्या हेलिकॉप्टरच्या माहितीपत्रकात कामांची लांबलचक यादी असते: टेहळणी, रणगाड्यांवर हल्ला, जखमींची ने-आण, सैनिक उतरवणं, केबलने माणूस वर खेचून घेणं, समुद्रावर गस्त. यंत्र पाहावं तर दोन-तीन टनांचं, पाच-सहा माणसं दाटीवाटीने बसतील एवढं. मग ही सगळी सामग्री त्यात बसते कशी?

बसत नाही. यादीतलं कुठलंही एक काम ते उत्तम करतं आणि दोन कामं सांभाळून नेतं. तिसरं हवं असेल तर आधीचं काहीतरी उतरवून ठेवूनच निघावं लागतं. मला या यंत्रांचं वेड लागलं ते यामुळेच. मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये थोडं ओझं जास्त झालं तरी निभावून जातं. हलक्यात प्रत्येक किलोचा हिशेब कोणीतरी आधी मांडलेला असतो.

तो हिशेब एकदा करून पाहा. उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त अडीच टन वजन चालणारं एक यंत्र समजा. कायमची उपकरणं धरून ते रिकामं दीड टनाचं. हेल्मेट, चिलखती जाकिटांसकट दोन वैमानिक २०० किलो. दोन तास उडायचं तर इंधन ३०० किलोंच्या वर. उरले पाचशेहून कमी. रणगाडे फोडायचे तर हॉट जातीचं क्षेपणास्त्र नळीसकट तीसेक किलोंचं. जर्मन लष्कराची बीओ १०५ हेलिकॉप्टरं अशी सहा न्यायची, म्हणजे दोनशे किलो क्षेपणास्त्रांचेच. वर त्यांचे दांडे आणि नेम धरायची दुर्बीण. आता त्यातच जखमी माणूस, स्ट्रेचर आणि वैद्यकीय सहायक घालायचा म्हटलं तर एकच वाट उरते, इंधन कमी करायचं. इंधन कमी केलं की पल्ला घटतो, आणि जखमी बहुतेकदा लांबच असतो.

हे झालं समुद्रसपाटीवरचं आणि गार हवेतलं गणित. उंचावर गेलं किंवा ऊन वाढलं की हवा विरळ होते. पात्यांना उचल कमी मिळते आणि त्याच वेळी इंजिनाची ताकदही घटते. पहाटे जे ओझं सहज उचललं, तेच दुपारी जमिनीवरून सुटत नाही. लामा हे हेलिकॉप्टर या एका अडचणीतून जन्मलं. भारतीय सैन्यदलांना हिमालयात चालेल असं यंत्र हवं होतं, म्हणून फ्रेंचांनी अल्युएत-२ च्या हलक्या सांगाड्यावर अल्युएत-३ चं इंजिन आणि रोटर (फिरत्या पात्यांचा संच) बसवला. आपण त्याला चीता म्हणून ओळखतो. २१ जून १९७२ रोजी फ्रेंच वैमानिक जाँ बुले यांनी लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेलं. त्यासाठी यंत्रातलं जे जे काढता येईल ते सगळं काढलं होतं. वर इंजिन बंद पडलं, आणि नुसत्या फिरत्या पात्यांवर तरंगत ते सुखरूप खाली आले. मे २००५ मध्ये फ्रेंच वैमानिक दिदिए देल्साल एव्हरेस्टच्या माथ्यावर उतरले ते एएस ३५० बी३ हेलिकॉप्टर घेऊन. फेनेक हे लष्करी हेलिकॉप्टर त्याच कुळातलं. त्यांनीही प्रवाशांच्या आसनांसारख्या वस्तू काढून सव्वाशे किलोंच्या आसपास भार कमी केला होता. नव्या उपकरणांच्या जाहिराती वाचताना मला ही दोन उड्डाणं आठवतात.

मग एकच यंत्र अनेक कामांचं होतं कसं? अदलाबदलीच्या सोयीमुळे, आणि खरी करामत तिथेच आहे. कारखान्यातून निघतानाच यंत्रात तारा ओढलेल्या असतात, बाजूला शस्त्रं टांगायचे पक्के बिंदू असतात, आतल्या फरशीत आसनं आणि स्ट्रेचर अडकवायच्या पट्ट्या असतात, पोटाखाली ओझ्याचा हूक लावायची जागा असते. प्रत्यक्ष तोफ, रॉकेटांचा पॉड (नळ्यांचा डबा) किंवा हॉइस्ट (केबलने माणूस वर खेचणारं यंत्र) कामानुसार चढवायचा आणि काम झालं की उतरवायचा. चांगल्या रचनेत जमिनीवरचे तंत्रज्ञ हा बदल थोडक्या वेळात करतात. वाईट रचनेत अर्धा दिवस जातो आणि मग हळूहळू तुकडी बदल करणंच सोडून देते. एकदा चढवलेलं तसंच राहतं. कागदावर अनेक कामांची असलेली कितीतरी यंत्रं अशीच एका कामाला जखडून राहतात.

एक गोष्ट मात्र विसरली जाते. शस्त्र उतरवलं तरी त्याच्या तारा आणि कंस यंत्रातच राहतात. रुग्ण नेताना हेलिकॉप्टर न लावलेल्या तोफेचं थोडं वजन वाहतच असतं. म्हणून कामांची यादी वाढवली की त्याची किंमत वजनात मोजावी लागते. शिवाय तोलही आहे. उजवीकडे हॉइस्ट आणि त्याला लटकणारा माणूस असेल तर डावीकडे काय टांगलंय याचा विचार आधी करावा लागतो.

अमेरिकी ओएच-५८डी कायोवा वॉरियर हे माझ्या मते या सगळ्या ओढाताणीचं सर्वांत प्रामाणिक उदाहरण. पंख्याच्याही वर, दांड्याच्या टोकाला एक गोल डबा. त्यात टीव्ही कॅमेरा, उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा आणि लेसर. सगळं यंत्र झाडांच्या रांगेआड लपवायचं आणि फक्त तो डोळा वर काढायचा. शस्त्रांना दोनच जागा, दोन्ही बाजूंना एकेक. एका जागी दोन हेलफायर क्षेपणास्त्रं किंवा सात रॉकेटांचा पॉड. मशीनगन हवी तर ती डावीकडे. बस्स. वैमानिकांना रोज ठरवावं लागे की आज काय भेटणार आहे. वजन वाचावं आणि दिसावंही नीट म्हणून ते अनेकदा दारं काढून उडत.

अशा यंत्रांचं नशीब अलीकडे एका साध्या वस्तूने पालटलं, ती म्हणजे लक्ष्यावर टाकलेल्या लेसरच्या मागावर जाणारं ७० मिलिमीटरचं रॉकेट. साधी रॉकेटं सुटली की पांगतात, त्यामुळे एका लक्ष्यासाठी अर्धा पॉड रिकामा होई. आता त्याच रॉकेटला मार्गदर्शनाचा भाग जोडला की एकेक रॉकेट एकेका वाहनासाठी पुरतं. एकाचं वजन पंधराएक किलो, तर हेलफायर पन्नासच्या जवळपास. म्हणजे दोन हेलफायरच्या वजनात सहा-सात नेम. जाड कवचाच्या रणगाड्याला ते पुरेसं नाही, पण युद्धात सगळीच लक्ष्यं रणगाडे नसतात. हलक्या हेलिकॉप्टरसाठी गेल्या काही दशकांत याहून मोठी सुधारणा मला दिसत नाही.

समुद्रावर निवड आणखी कठोर होते, कारण लहान युद्धनौकेच्या हँगरमध्ये बहुधा एकच हेलिकॉप्टर मावतं. तिथे अनेक कामांचं यंत्र असणं ही निकडच आहे. ब्रिटिश नौदलाचं लिंक्स पाहा. पाणबुडी शोधायचं काम नौकेच्या सोनारवर (आवाजावरून पाण्याखालचं शोधणारं यंत्र) सोपवलं आणि हेलिकॉप्टरने फक्त सांगितलेल्या जागी पाणतीर (टॉर्पेडो) टाकायचा असं ठरवलं. फ्रेंचांनी त्याच लिंक्सला पाण्यात सोडायचा सोनार दिला. यंत्र एक, निवडी दोन, दोन्ही विचारपूर्वक केलेल्या. नौकांवर हल्ल्यासाठी लिंक्सला सी स्कुआ क्षेपणास्त्रं होती. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती पहिल्यांदा लढाईत वापरली गेली. आणि हेलणाऱ्या डेकवर उतरल्यावर लिंक्सची पाती उलट कोनात वळवता येत, म्हणजे पंखा यंत्राला वर उचलण्याऐवजी खाली दाबून धरी. पोटाखालचा हार्पून (अडकवायचा आकडा) डेकवरच्या जाळीत अडकला की ते पक्कं. ही कल्पना ज्यांना सुचली त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

शस्त्रांबद्दल सगळे विचारतात, पण सर्वांत जास्त जीव वाचवणाऱ्या वस्तू कोणाच्या नजरेत भरत नाहीत. काचेच्या वर आणि यंत्राच्या पोटाखाली पुढे आलेले धारदार कातरे असतात ना, ते विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा कापण्यासाठी. हलकं हेलिकॉप्टर लपायला झाडांच्या उंचीवर उडतं आणि तिथेच तारा असतात. समोर येईपर्यंत त्या दिसत नाहीत. या कातऱ्यांना वीज लागत नाही, संगणक लागत नाही, वजन थोडक्या किलोंचं. किंवा कॉकपिटमधला हिरवट उजेड घ्या. नाइट व्हिजन गॉगल लाल प्रकाशाला फार संवेदनशील असतात. एक साधा लाल दिवा पेटला तरी सगळं दृश्य धुरकट होतं. म्हणून प्रत्येक दिवा, प्रत्येक पडदा गॉगलला चालेल असा करावा लागतो. नुसते गॉगल विकत घेऊन रात्री उडता येत नाही. चिलखती आसनं आणि धूर थंड करून सोडणारी नळकांडी ही याच जातीची, गाजावाजा न होणारी सामग्री. हीच जर अंदाजपत्रकात आधी कापली जात असेल, तर ती काटकसर मला मान्य नाही.

याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: ड्रोन आल्यावर याची गरज काय? टेहळणीपुरतं बोलायचं तर गरज कमी झालीच आहे. अमेरिकी लष्कराने २०१७ पर्यंत कायोवा निवृत्त केलं आणि त्याच्या जागी यायचं असलेल्या नव्या टेहळणी हेलिकॉप्टरचा कार्यक्रम फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केला. झाडाआडून डोकावण्यासाठी दोन माणसांचा जीव पणाला लावायची वेळ येत नसेल तर मला त्याचं समाधानच आहे. पण डिसेंबर २०२३ मध्ये जर्मनीने एच१४५एम या पावणेचार टनांच्या यंत्रांची मोठी मागणी नोंदवली: ६२ पक्की, आणखी २० चा पर्याय. प्रशिक्षण, वाहतूक, बचाव आणि शस्त्रं चढवली की हल्ला, हे सगळं एकाच ताफ्याकडून त्यांना हवं आहे. टेहळणीची उपकरणं ड्रोनवर गेली तर या यंत्रांत काही किलो मोकळे होतील. मला विचाराल तर ते हॉइस्ट आणि स्ट्रेचरला द्यावेत, आणि तरीही काही उरले तर इंधनाला.