तुम्ही विचारलंत म्हणून: दोन आठवडे आणि तीन बेटं

मी कॅरिबियनमध्ये डायव्हिंग करते हे कळलं की थोड्याफार फरकाने एकच प्रश्न येतो: "अरुबा, कुरासाओ, बोनेअर शेजारीशेजारीच आहेत ना? मग दोन आठवड्यांत तिन्ही होतील का?" नकाशा पाहिला की असं वाटणं साहजिक आहे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर तिन्ही बेटं ओळीने आहेत आणि कुरासाओहून उडालेलं विमान अर्ध्या तासाच्या आत बोनेअरला उतरतं. नुसतं फिरायला जाणाऱ्याला मी लगेच हो म्हणेन. डायव्हिंगसाठी जाणाऱ्याला मात्र सांगते, दोनच बेटं करा, आणि त्यातलं एक बोनेअर असू द्या.

यामागचं कारण आहे नायट्रोजन. पाण्याखाली आपण दाबाखालची हवा श्वासात घेतो आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत जातो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो, त्याला बरेच तास लागतात. तेवढ्यात विमानात बसलं तर केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका. मग शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणं, मुंग्या येणं इथपासून अर्धांगवायूपर्यंत काहीही त्यातून उद्भवू शकतं. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा आहे: एकच डाइव्ह केली असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास थांबा. दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. वर येताना डीकम्प्रेशनचे, म्हणजे नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून ठरावीक खोलीवर घ्यायचे, सक्तीचे थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बरंच जास्त. मी स्वतः सरसकट २४ धरते, कारण उष्ण हवेत घाम गाळत, कमी पाणी पीत काढलेले दिवस शरीर विसरत नाही.

"पण बेटांमधलं विमान छोटं असतं, ते कुठे एवढं उंच जातं?" असंही विचारतात. ते किती उंचीवरून न्यायचं हे वैमानिक आणि हवामान ठरवतं, आपण नाही. नायट्रॉक्सने, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणाने, नायट्रोजन कमी साठतो हे खरं आहे आणि मला ते वापरायला आवडतं. तरी त्यामुळे थांबायचे तास कमी करू नका.

आता हिशोब मांडून पाहा. गुरुवारी दुपारी १२ वाजता शेवटच्या डाइव्हमधून वर आलात तर १८ तास शुक्रवारी सकाळी ६ वाजता भरतात. म्हणजे गुरुवारची दुपार आणि रात्रीची डाइव्ह गेली. शुक्रवारी उड्डाण, सामान, इमिग्रेशन (प्रत्येक बेटाचं वेगळं), भाड्याची गाडी, डाइव्ह सेंटरवर कागदपत्रं. एका स्थलांतरात डायव्हिंगचा जवळजवळ दीड दिवस जातो. तीन बेटं म्हणजे अशी दोन स्थलांतरं, आणि परतीच्या विमानाआधीची थांबणूक वेगळी. लांबचा प्रवास आणि थकवा वजा केला की हातात उरलेल्या दिवसांतला मोठा तुकडा विमानतळांवर जातो. तिकिटं काढायच्या आधी प्रत्येक बेटावरच्या शेवटच्या डाइव्हची वेळ कागदावर लिहा आणि तिथून पुढे तास मोजून विमान निवडा. बहुतेक लोक हे उलट्या क्रमाने करतात.

दोन बेटांत मी कुरासाओ आधी ठेवते. लांबच्या प्रवासानंतर शरीर आणि हात दोन्ही पाण्याला सरावायला हवेत, आणि काराकासबाईजवळची बुडालेली टगबोट त्यासाठी फार छान आहे. जेमतेम ५ मीटरवर, प्रवाळाने मढलेली, तिच्यावर निवांत तरंगत उछालकता, म्हणजे वर-खाली न होता एका खोलीवर राहणं, सांभाळायचा सराव करावा. पुढे पश्चिमेला मशरूम फॉरेस्टमध्ये प्रवाळाचे डोंगर तळाशी झिजून छत्रीसारखे झालेत. 'सुपिरियर प्रोड्युसर' हे १९७७ साली बुडालेलं मालवाहू जहाज ३० मीटरच्या आसपास आहे, तिथे ॲडव्हान्स्ड सर्टिफिकेट आणि शांत समुद्र दोन्ही लागतात. ख्रिस्टोफेलबर्ग हा डोंगर चढायचा असेल तर पहिल्या डाइव्हच्या आधीच उरकून घ्या, डाइव्हनंतर लगेच दमछाक करणारे श्रम चांगले नाहीत. विमानाआधीचा मोकळा वेळ विलेमस्टाडला द्यावा. १९९७पासून हे शहर जागतिक वारसा यादीत आहे आणि जहाज आलं की तिथला तरंगता क्वीन एम्मा पूल अख्खा बाजूला सरकतो. तो पाहायला मी प्रत्येक वेळी थांबते.

बोनेअरबद्दल मात्र मला लांबण लावू द्या, कारण माझा जीव तिथेच जडलाय. भोवतालचा समुद्र १९७९पासून संरक्षित आहे आणि भाल्याने मासेमारी त्याच्याही आधी, १९७१मध्ये बंद झाली. बोटींनी नांगर टाकायचा नाही, कायमच्या बांधलेल्या तरंगत्या खुणांना दोर बांधायचा. डायव्हरने हातमोजे घालायचे नाहीत, म्हणजे प्रवाळाला धरण्याचा मोहच होत नाही. सुरुवातीला माहिती ऐकून एक तपासणीची डाइव्ह करावी लागते. काही जण त्यावर कुरकुरतात, मला तो नियम मनापासून पटतो. इतक्या वर्षांच्या शिस्तीचं फळ पाण्यात उतरताक्षणी दिसतं.

तिथलं खरं सुख म्हणजे बोटीची वाट पाहावी लागत नाही. ऐंशीहून जास्त डाइव्ह साइट आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक थेट किनाऱ्यावरून. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यांवर साइटचं नाव. पिकअप गाडीत सिलिंडर टाकायचे, दगड दिसला की थांबायचं, आणि दोघांनी मिळून पाण्यात शिरायचं. थोडं पोहलं की साधारण १० मीटरवर प्रवाळाची कडा खाली झुकायला लागते. पण वाटाड्या नाही, याचा अर्थ समजून घ्या. आधी प्रवाहाविरुद्ध जायचं, सिलिंडर २०० बारने (बार हे हवेच्या दाबाचं माप) सुरू केला असेल तर १२० च्या सुमारास वळायचं, परतायचा किनारा ओळखायची खूण वर असतानाच ठरवायची. किनारा मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचा आहे, जाड तळाचे बूट हवेतच. गाडीत किमती वस्तू ठेवू नका.

'हिल्मा हूकर' तिथलंच. चोरकप्प्यात गांजा सापडलेलं हे मालवाहू जहाज १२ सप्टेंबर १९८४ला बुडालं. आता ते दोन प्रवाळरांगांमधल्या वाळूत ३० मीटरवर कुशीवर पडलंय. सॉल्ट पियर या मिठाच्या धक्क्याच्या खांबांवर स्पंजांचे रंग पाहताना वेळ कळत नाही. मात्र मीठ भरायला जहाज लागलेलं असलं तर तिथे उतरता येत नाही, म्हणून ती साइट वेळापत्रकात एका दिवसाला बांधून ठेवू नका. शेवटचा कोरडा दिवस वॉशिंग्टन स्लाखबाई उद्यानाला किंवा दक्षिणेच्या मिठागरांना, फ्लेमिंगोंना द्या. मिठागरांजवळ गुलामांच्या बुटक्या दगडी खोल्या अजून उभ्या आहेत, तिथे थोडं थांबा.

महिना कोणता? ही बेटं चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत, त्यामुळे जून ते नोव्हेंबरमध्येही बहुधा निभावतं. 'बहुधा' म्हणते, कारण नोव्हेंबर १९९९मध्ये लेनी वादळ पश्चिमेकडून उलट दिशेने आलं आणि बोनेअरच्या एरवी शांत बाजूचं उथळ प्रवाळ त्याच्या लाटांनी मोडलं. तरीही माझी निवड सप्टेंबर-ऑक्टोबर. पौर्णिमेनंतरच्या काही रात्री प्रवाळ बीजं सोडतं, आणि त्यासाठी मी सगळी सुट्टी चंद्रावर बेतायला तयार असते.

एक विनंती, आणि ही खास बेट बदलणाऱ्यांसाठी. दगडी प्रवाळाला पोखरणारा एक रोग, स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीज, २०२३मध्ये बोनेअरवर आढळला. आजारी साइटवर वापरलेली ओली साधनं तशीच दुसरीकडे नेणं धोक्याचं. प्रत्येक ठिकाणी नेमून दिलेल्या जंतुनाशकात रेग्युलेटर (श्वास घ्यायचं साधन), बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट), वेटसूट, बूट बुडवा, धुवा, पूर्ण वाळवा. बेट बदलताना तर हे टाळूच नका. विमानाआधीचे सक्तीचे तास यासाठी पुरेसे असतात.

विमा डायव्हिंगचा वेगळा काढा, साध्या प्रवास विम्यात ते अनेकदा वगळलेलं असतं. रीकम्प्रेशन चेंबर, म्हणजे नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर दाबाखाली उपचार करायची खोली, कुठे आहे हे निघण्यापूर्वी माहीत असावं. बोनेअरला ७५ डॉलरचा प्रवेश कर आणि वेगळं निसर्गशुल्क आहे, दोन्ही ऑनलाइन भरून ठेवा. छोट्या विमानात सामानाची वजनमर्यादा कडक असते, त्यामुळे मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारा), रेग्युलेटर स्वतःचे न्या, बाकी भाड्याने घ्या.

राहिलं अरुबा. तिथली 'अँटिला' मला प्रिय आहे: मे १९४०मध्ये जर्मनीने नेदरलँड्सवर हल्ला केला तेव्हा जर्मन खलाशांनी स्वतःच बुडवलेलं सुमारे १२० मीटरचं जहाज. ते १८ मीटरपेक्षा खोल नाही आणि वरचा भाग इतका उथळ आहे की स्नॉर्केल लावूनही दिसतो. म्हणूनच सोबत डाइव्ह न करणारं कुणी असेल तर माझं उत्तर बदलतं. त्यांना आठवडाभर बोनेअरच्या खडकाळ किनाऱ्यावर बसवू नका. अरुबा आणि कुरासाओ करा, बोनेअर पुढच्या खेपेला. तेव्हा तारखांबरोबर सोबत कोण येणार आहे तेही कळवा, दुसरं बेट त्यावरून ठरवू.