कोड लिहिण्याआधी वापरणारा माणूस

मोबाइल ॲप विकासाचा अभ्यासक्रम अँड्रॉइड स्टुडिओ किंवा फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनांपासून सुरू व्हावा, अशी विद्यार्थ्यांची अपेक्षा असते. मी मात्र सुरुवातीचे आठवडे लॅपटॉप बंद ठेवायला सांगतो, कारण एकदा कोड लिहून झाला की तो मोडणे जिवावर येते आणि मग वापरणाऱ्याची अडचण हे त्याचेच अज्ञान वाटू लागते. जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस या संशोधकांनी १९८५ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे वापरकर्ते आणि त्यांचे काम आधी समजून घेणे, प्रत्यक्ष वापर मोजणे आणि त्यानुसार आराखडा पुन्हा पुन्हा सुधारणे, मला आजही पुरेशी वाटतात.

विद्यार्थ्यांच्या एका गटाने महिला बचत गटाच्या हिशेबाचे ॲप करायचे ठरवले. त्यांच्या मनात आलेख होते, व्याजाची गणिते होती. मासिक बैठकीला जाऊन बसल्यावर त्यांना दिसले, की नोंदवही हातोहात फिरते, प्रत्येक जण आपल्या नावापुढचा आकडा स्वतः पाहते आणि मगच सही करते. हिशेब एकाच फोनमध्ये गेला असता, तर आकडे बरोबर राहूनही ही सर्वांसमोरची खात्री नाहीशी झाली असती. एवढी महत्त्वाची गोष्ट कोणत्याही प्रश्नावलीतून हाती लागली नसती, असे माझे ठाम मत आहे.

पुढचा टप्पा कागदी प्रारूपाचा, म्हणजे ॲपच्या स्क्रीन कागदावर काढून पाहण्याचा. वापरणारी व्यक्ती कागदावरच्या बटणावर बोट ठेवते, मनात येईल ते मोठ्याने बोलते, आणि विद्यार्थ्याने तेव्हा गप्प राहायचे असते. शिकवायला सर्वांत कठीण हेच, कारण मदत करण्याची ऊर्मी आवरत नाही. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांच्या सल्ल्याप्रमाणे पंधरा जणांची एकच चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या आम्ही घेतो, म्हणजे मधल्या काळात दुरुस्तीला वाव मिळतो. प्रत्यक्ष फोनवर आल्यानंतर मराठी मजकुराची वेगळी तपासणी लागते: ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली, तर वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात.

गुणदानात मी वगळलेल्या आणि बदललेल्या स्क्रीनना स्वतंत्र गुण ठेवले आहेत. प्रत्येक बदलाशेजारी तो कोणत्या निरीक्षणामुळे केला, हे लिहावे लागते. ते नसेल, तर उत्तम चालणाऱ्या ॲपलाही पूर्ण गुण मिळत नाहीत.