डी-डायमर दुप्पट! (असं वाटलं)

वडिलांना कोविड झाला तेव्हा तपासणीसाठी रक्त देणं वगैरे सुरळीत पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. राग आहे तो दुसऱ्या डी-डायमरचा (रक्तात गुठळ्या होत असल्याचा इशारा देणारी तपासणी).

पहिल्या लॅबचा आकडा होता ६१०. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितलं तेव्हा ती लॅब बंद, म्हणून दुसरीकडे रक्त दिलं. मोबाईलवर नुसता मेसेज आला: डी-डायमर १२४०. एकक नाही, मर्यादा नाही. घरात लगेच ‘गुठळ्या झाल्या’ म्हणून कुजबुज. इकडे वडील उठून बसलेले, ताप उतरलेला, ऑक्सिजन ९६.

लॅबला फोन लावला. “हा आकडा एफईयूमध्ये आहे की डीडीयूमध्ये?” एवढंच विचारत होतो; ही डी-डायमर मोजायची दोन वेगळी एककं. काउंटरवरून उत्तर, “रिपोर्ट बरोबर आहे, डॉक्टरांना विचारा.” दवाखान्यातून उत्तर, “लॅबला विचारा.” पूर्ण रिपोर्ट मागितला तर म्हणे सही व्हायचीय. सही नसलेला आकडा मेसेजने पाठवायची घाई मात्र होती! शेवटी पॅथॉलॉजिस्ट बाई फोनवर आल्या आणि गुंता एका वाक्यात सुटला: आमचं एफईयूमध्ये असतं, आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो. रिपोर्ट आला, त्यावर मर्यादा ५००. जुना काढून पाहिला, त्यावर २५०. म्हणजे दोन्ही वेळा मर्यादेच्या जेमतेम अडीचपट. वाढ जवळपास नव्हतीच.

तेव्हा आकड्याआधी शेजारचा रकाना वाचा, आणि जमलं तर सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करा. सीआरपीचीही (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) तीच तऱ्हा: कुठे मिलीग्रॅम प्रति लिटर, कुठे प्रति डेसिलिटर, सरळ दहापटीचा फरक. आमचा सीआरपी ४८ वरून १९ वर आला होता, लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढत होते. डॉक्टरांना त्यातच रस होता. घरातल्यांनी त्या ओळी वाचल्याच नव्हत्या.

हो, एक राहिलंच. पहिल्या एक-दोन दिवसांतले आकडे चांगले आले म्हणून निर्धास्त होऊ नका. कोविड बिघडायचा तो बहुधा पहिला आठवडा संपता संपता, म्हणून एका आकड्यापेक्षा चढ-उतार बघायचा. एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) एकटंच वाढलेलं दिसलं तर नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या होत्या का, तेही विचारा. आणि ऑक्सिजन ९४ च्या खाली जाऊ लागला किंवा धाप लागली, तर सही झालेल्या रिपोर्टची वाट बघत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या.