केंद्रीय शिक्षणमंत्र्यांच्या हातात नेमकं काय असतं?

“आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणिताला शिक्षक नाही. दिल्लीला शिक्षणमंत्र्यांना पत्र लिहू का?” पालक विचारतात, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य विचारतात, कधी नवे शिक्षकही विचारतात. मग मागोमाग दुसरा प्रश्न येतो: शाळा राज्याच्या, शिक्षक राज्याचे, पुस्तकं बालभारतीची, तर केंद्रात शिक्षणमंत्री कशासाठी? दोन्हींचं उत्तर एकत्रच देणं बरं.

शिक्षकासाठी दिल्लीला लिहू नका. पदं किती, हे संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं मंजूर करण्याच्या प्रक्रियेत, ठरतं. भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होते, नेमणूक जिल्हा परिषद देते, पगार शालार्थ या राज्याच्या वेतनप्रणालीतून निघतो. यातल्या एकाही टप्प्यावर केंद्रीय मंत्र्यांची सही लागत नाही. तुमचं पत्र तिकडून राज्याच्या शालेय शिक्षण विभागाकडे येईल, तिथून शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि शेवटी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर. तिथे तुम्ही पहिल्याच दिवशी जाऊ शकत होतात.

हे असं का, याचं उत्तर स्वातंत्र्याच्याही आधीचं आहे. १९१९च्या कायद्याने शिक्षण प्रांतांच्या मंत्र्यांकडे गेलं. राज्यघटनेनेही १९५० मध्ये ते राज्यसूचीतच ठेवलं. केंद्राकडे राहिल्या त्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था, काही केंद्रीय विद्यापीठं आणि उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचं काम. म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले तेव्हा राज्यांतल्या गावोगावच्या शाळांवर त्यांची सत्ता नव्हतीच. १९५८ मध्ये निधन होईपर्यंत ते या पदावर होते आणि त्या काळात त्यांनी संस्था उभ्या केल्या. १९४८ मध्ये विद्यापीठ शिक्षणासाठी राधाकृष्णन आयोग नेमला गेला, १९५१ मध्ये खरगपूरची आयआयटी सुरू झाली, मग साहित्य, संगीत-नाटक आणि ललित कला अकादम्या आल्या. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ मध्ये सुरू झाला आणि १९५६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. अर्थमंत्रिपद सोडून आलेले चिंतामणराव देशमुख त्याच वर्षी आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोग नेमायचा, अहवाल घ्यायचा आणि राज्यांची समजूत काढायची, ही आझादांच्या काळात बसलेली रीत आजही या पदाची सगळ्यात प्रामाणिक रीत आहे असं माझं मत आहे.

ती रीत किती लांब पल्ल्याची असते ते कोठारी आयोगात दिसतं. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला शिक्षणमंत्री असताना, १९६४ मध्ये हा आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव होते आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. १९६६च्या अहवालात १०+२+३ची (दहावी, मग बारावी, मग तीन वर्षांची पदवी) रचना आली आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करण्याची शिफारसही आली. रचना स्वीकारायची की नाही हे राज्यांच्या हातात होतं. महाराष्ट्रात अकरावीची जुनी मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली बॅच बाहेर पडली ती १९७५ मध्ये. ६ टक्क्यांचं मात्र १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही धोरणांत नुसतं वचनच राहिलं.

मग बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. ३ जानेवारी १९७७ पासून शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही विषयांच्या यादीत, आलं आणि शाळांबाबत कायदा करण्याचा अधिकार संसदेला मिळाला. २००९चा शिक्षणहक्क कायदा त्याच जोरावर उभा आहे. पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक, हे प्रमाण त्यातलंच. प्रमाण दिल्लीने ठरवलं, पण पद भरायचं राज्याने. तक्रारी हरवतात त्या याच फटीत.

१९८५ मध्ये मंत्रालयाचं नाव मनुष्यबळ विकास झालं आणि नरसिंह राव त्याचे मंत्री झाले. २०२० मध्ये जुनं नाव परत आलं. नावापेक्षा मला त्या काळातला पैसा महत्त्वाचा वाटतो. पहिली दोन नवोदय विद्यालयं हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला निघाली. १९८७ मध्ये ‘खडू-फळा’ योजना आली: प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक. केंद्राचा पैसा थेट गावच्या शाळेपर्यंत पोचायला लागला तो इथून.

आज हा पैसा मुख्यतः समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेतून येतो. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी ९०:१०. याची वाट एकदा नीट समजून घ्या. मुख्याध्यापक यूडायसची, म्हणजे देशभरच्या शाळांच्या माहितीसाठ्याची, माहिती भरतात, त्यावरून जिल्ह्याचा आणि मग राज्याचा वार्षिक आराखडा बनतो. तो दिल्लीत प्रकल्प मंजुरी मंडळापुढे जातो, म्हणजे ज्याला सगळे पीएबी म्हणतात त्यापुढे. या मंडळाच्या अध्यक्षस्थानी मंत्रालयाचे सचिव असतात, मंत्री नव्हे. मंजुरीनंतर पैसे हप्त्यांनी सुटतात. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) गेलं नाही किंवा राज्याने आपला वाटा टाकला नाही, तर पुढचा हप्ता अडतो. “केंद्राने पैसे दिले नाहीत” असं ऐकलंत की आधी या दोन गोष्टी विचारा.

सगळ्यात मोठी गळती मात्र पहिल्याच पायरीवर होते. केंद्राच्या निकषात संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. ३२ मुलांच्या शाळेत आधारवरचं नाव जुळलं नाही म्हणून दोन मुलं यूडायसमध्ये मोजलीच गेली नाहीत, तर २५,००० ऐवजी १०,००० हाती येतात. बंद पडलेलं स्वच्छतागृह ‘वापरात आहे’ असं भरलं, तर दुरुस्तीची मागणी आराखड्यात येतच नाही. व्यवस्थापन समितीने माहिती प्रमाणित होण्याआधी तिचा प्रिंट मागून वाचावा. दिल्लीला दहा पत्रं लिहिण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे.

मंत्र्यांनी मनावर घेतलं तर बदलेल असंही पुष्कळ आहे. शालेय पोषण आहारात धान्याचं माप (प्राथमिकला रोज १०० ग्रॅम, उच्च प्राथमिकला १५० ग्रॅम) केंद्राचं. स्वयंपाकी-मदतनीस ताईंचं मानधनही केंद्राच्या निकषात महिना १,००० रुपये, आणि २००९ पासून वर्षानुवर्षं ते तेवढंच राहिलं. महाराष्ट्र त्यात भर घालतो, पण मूळ आकडा लाजिरवाणा आहे. तो बदलायचा प्रस्ताव याच मंत्रालयातून जावा लागतो. त्यासाठी खुशाल दिल्लीला लिहा.

केंद्रीय विद्यालयं, नवोदय, सीबीएसई, एनसीईआरटी हेही याच मंत्रालयाखाली. आयआयटी परिषदेचे अध्यक्ष शिक्षणमंत्रीच असतात. जेईई मेन आणि नीट घेणारी राष्ट्रीय चाचणी संस्था याच मंत्रालयाची. नीटनंतरचे वैद्यकीय प्रवेश मात्र आरोग्य खात्याकडे. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, एमएचटी-सीईटी राज्याची. केंद्रीय विद्यालयात प्रवेशासाठी खासदारांची चिठ्ठी मागायला आजही लोक जातात; तो कोटा २०२२ मध्येच बंद झाला.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला तेव्हा पुष्कळांचा रोष दिल्लीवर होता. पण १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय मुंबईत निघाले होते आणि २९ जूनला ते मागे घेतले तेही राज्य सरकारनेच. केंद्राच्या धोरणात त्रिभाषा सूत्र आहे, तशीच कोणत्याही राज्यावर भाषा न लादण्याची ग्वाहीही आहे. दिल्लीचा दबाव येतो तो पैशाच्या वाटेने. निवडक शाळा आदर्श करण्याच्या केंद्राच्या पीएम श्री योजनेच्या करारावर सही केली नाही म्हणून समग्र शिक्षाचा निधी अडवला, अशी तक्रार घेऊन तमिळनाडू त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुलांच्या अनुदानाला दुसऱ्या योजनेच्या सहीची अट घालणं मला साफ अन्यायाचं वाटतं, सरकार कुणाचंही असो.

दिल्लीला लिहायचंच असेल तर शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक घाला आणि महाराष्ट्राच्या पीएबी बैठकीचं इतिवृत्त जोडा. ते मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुलं असतं. आपल्या मागणीची बाब त्यात मंजूर दिसली, तर पत्र मुंबईला, समग्र शिक्षा राज्यात राबवणाऱ्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे पाठवा. दिसली नाही, तर ती जिल्ह्याच्या आराखड्यात होती का, हे आधी शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा.